वरवंट्याखालचा टोफू

पोरी,

तू पाठवलेला फोटो पाहिला. लालभडक रस्सा आणि त्यात पांढरे चौकोन, बादलीत साबणाच्या वड्या पडाव्यात तसे. खाली तुझी तक्रार : "आजी, टोफू चवच धरत नाही. आणि रस्सा फुटला." फोनवर सांगायला गेले असते तर तू "हो गं, हो गं" म्हणाली असतीस आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं असतंस. म्हणून लिहून पाठवते. यातलं सगळं माझं नाही. बरंचसं माझ्या आईचं आहे, ती वर्ध्याजवळच्या सेलूची. उरलेलं सासूबाईंचं, त्या मालवणच्या. दोघींनीही जन्मात टोफू पाहिला नव्हता. पण त्यांच्या हाताला जे ठाऊक होतं ते टोफूला जसंच्या तसं लागू पडतं, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. टोफूला पनीरच्या पाटावर बसवायचं आणि मग तो पनीरसारखा लागत नाही म्हणून कुरकुरायचं, हे बंद कर. माझं लग्न १९७४ सालचं. पंगतीत बुंदी होती, मसालेभात होता, वांग्याची भाजी होती. पनीर हा शब्दही आमच्या गावात कुणाच्या तोंडी नव्हता. आपल्या घरी ते पहिल्यांदा आलं तुझ्या बाबांच्या कॉलेजच्या दिवसांत, तेही हॉटेलातून, डब्यात बांधून. ज्याच्याशिवाय आपलं अडतं असं तुला वाटतं ना, ते या घरात माझ्यानंतर वीस वर्षांनी आलंय.

रश्शाच्या दाटपणाचंही तसंच. माझ्या लहानपणी दूध म्हणजे चहापुरतं आणि लेकरांपुरतं. साय साठवायची ती विरजायला आणि तूप कढवायला. ती कुणी रश्शात ओतली असती तर आईने घरात घेतलं नसतं. रस्सा दाट व्हायचा तो वाटणाने. पाटोडीच्या रश्शाला सुकं खोबरं आणि खसखस, उपासाच्या आमटीला दाण्याचा कूट, भरल्या वांग्याला तीळ आणि शेंगदाणे, सासूबाईंकडे तर उठता-बसता नारळाचा रस. यातल्या एकातही दूध नाही. आम्ही काही तुझ्यासारखी दुधाला सोडचिठ्ठी दिली नव्हती, भातावर तूप हवंच असायचं. पण रस्सा मऊ, मखमली करायला गाय-म्हैस लागत नाही, पाटा लागतो, एवढं प्रत्येकीला माहीत होतं.

आता टोफूकडे ये.

पाकीट फोडलं की तो पाण्यात बसलेला असतो आणि पोटातही पाणीच असतं. भरल्या मडक्यात आणखी काय ओतणार? तो चव धरत नाही याचं कारण एवढंच. तेव्हा पहिलं काम पाणी काढायचं. मी काय करते सांगते. धुतलेला सुती पंचा घ्यायचा, टोफूची वडी त्यात गुंडाळायची, ताटात ठेवायची, वर दुसरं ताट आणि त्यावर वरवंटा. मिक्सर आल्यापासून तो बिचारा दाराला अडकण म्हणून पडला होता, आता त्याला पुन्हा काम मिळालं. अर्धा तास पुरतो. तुझ्याकडे वरवंटा नाही, तर खलबत्ता ठेव, नाहीतर तुझ्या अभ्यासाची दोन जाड पुस्तकं ठेव, कधी नव्हे ते उपयोगी पडतील. फार वजन एकदम नको, नाहीतर वडी बाजूने फुटून बाहेर येते.

आणि बाजारातून आणतानाच घट्ट टोफू आण. रेशमासारखा मऊ एक मिळतो, तो रश्शात टाकलास तर चमच्याने काढता येणार नाही. तो फेकू नकोस मात्र, मिक्सरमधून फिरवून रस्सा दाट करायला उत्तम आहे. पाकिटामागे कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का तेही बघून घे. ते घालून विरजलेल्या टोफूत कॅल्शियम चांगलं असतं आणि दूध सोडलेल्या माणसाला ते हवंच. बी-१२ मात्र टोफूत नसतं. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू कर. आजीला वाईट वाटू नये म्हणून "घेते गं" म्हणू नकोस, खरंच घे.

पाणी काढल्यावर दुसरं काम, मीठ आत घालायचं. तू मसाला, तेल, लिंबू चोळून तासभर ठेवतेस म्हणालीस. तेलाने काही होत नाही. टोफू ओला, तेल ओल्यात शिरत नाही, ते वरच बसून राहतं आणि सोबतचा मसालाही वरच धरून ठेवतं. त्याऐवजी तीन वाट्या पाणी उकळ, त्यात दोन छोटे चमचे मीठ घाल, गॅस बंद कर आणि टोफूचे तुकडे त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेव. खारट पाणी आत जातं आणि गंमत म्हणजे तुकडा घट्टही होतो. मग निथळून, कापडावर पसरून, वरून टिपून कोरडे कर. यानंतर एक तुकडा नुसताच तोंडात टाकून बघ. नुसता खाण्याजोगा लागला तर रश्शातही लागेल. इथे फिका राहिला तर पुढे कितीही तिखट ओत, तो आतून फिकाच राहणार. बटाट्याचं नाही का तसंच, बिनमिठाच्या पाण्यात उकडलेला बटाटा भाजीत शेवटपर्यंत परका वाटतो.

आणखी एक युक्ती आहे, ती मला चुकून सापडली. मागच्या हिवाळ्यात तू येणार म्हणून टोफू आणून ठेवला आणि फ्रीजमध्ये मागे सरकवता सरकवता तो बर्फाच्या कप्प्यात गेला. दोन दिवसांनी काढला तर दगड, आणि रंग पिवळट. म्हटलं, गेला. फेकायच्या आधी सवयीने पाण्यात ठेवून बघितला. वितळला तसा पुन्हा पांढरा झाला आणि दाबला तर स्पंजसारखं सगळं पाणी सुटलं. आत बर्फाचे खडे होतात, ते वितळले की त्यांच्या जागी भोकं उरतात. त्या भोकांत रस्सा जो शिरतो! पण चावायला तो जरा चिवट लागतो, सोयावडीच्या जवळ जातो. तुझ्या आजोबांना तोच आवडला. मला नाही. मऊ, मलईदार रश्शात तुकडाही मऊच हवा असं माझं मत. झणझणीत सावजी घाटाचा रस्सा करणार असशील तर गोठवलेला घे.

भाजायचं आता. बिडाचा तवा असेल तर काढ. तुकड्यांवर चमचाभर तांदळाची पिठी भुरभुरव, हलक्या हाताने हलव, जास्तीची झटकून टाक. तवा चांगला तापला, तेल पसरलं की तुकडे एकमेकांपासून लांब ठेव. आणि मग हात मागे घे. तुम्हा पोरींचा हातच राहत नाही, लगेच उलथनं घालून खरवडायला लागता. चिकटलेला टोफू म्हणजे न झालेला टोफू. खालून सोनेरी झाला की तो आपला आपण सुटतो. तीन-चार मिनिटं एका बाजूला, मग उलट. सहाच्या सहा बाजू भाजायच्या नादाला लागू नको, दोन बाजू पुरे.

हे झालं तुझ्या पहिल्या तक्रारीचं. दुसरी तक्रार, रस्सा फुटला. त्यावर मी फोनवर हसले आणि तुला राग आला. पण तूच बघ ना. टोमॅटो रटरटत होते आणि त्यात तू वाटीभर सोयाबीनचं दूध ओतलंस. घरी टोफू कसा करतात? सोयाबीनचं गरम दूध घेतात आणि त्यात आंबट घालतात. म्हणजे तू टोफूच्या रश्शात आणखी थोडा टोफू करून ठेवलास, दुसरं काय! बदामाच्या दुधाचंही तसंच, आंबट आणि आच एकत्र आली की ते दगा देतं. शिवाय सोया दुधाच्या खोक्यावर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचायचं. मी एकदा घाईत उचललं ते गोड निघालं, वर व्हॅनिलाचा वास. लसूण, गरम मसाला आणि व्हॅनिला. आजोबांनी शांतपणे विचारलं, "ही भाजी आहे की खीर बिघडलीये?"

म्हणून मलईसाठी काजू. काजू फुटत नाही, त्याच्यात पिष्ट असतं, ते रश्शाला धरून ठेवतं. चार माणसांना, दोनशे ग्रॅम टोफूला, पंधरा-सोळा काजू बास. अख्खे पांढरेशुभ्र काजू पाण्यात घालून वाटणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं. वाण्याकडे तुकडा काजू माग, निम्म्या-पाऊण भावात मिळतो आणि वाटल्यावर कोण अख्खा होता ते काजूलाही आठवत नाही. सोबत मोठा चमचाभर मगज घाल, खरबुजाच्या बियांचा. त्याने रस्सा हलका राहतो, नुसत्या काजूने जड होतो आणि अर्ध्या जेवणात पोट भरल्यासारखं वाटतं. दोन्ही गरम पाण्यात अर्धा तास भिजव. नखाने दाबल्यावर काजू दुभंगला की भिजला.

तुझ्या मैत्रिणीला काजू चालत नाही म्हणालीस. तिच्यासाठी नुसता मगज घे, आणि फ्लॉवरचे चार-पाच तुरे मिठाच्या पाण्यात अगदी मऊ शिजवून त्यासोबत वाट. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं होतं आणि फ्लॉवर आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. भाजलेल्या दाण्यांचा कूट घातलास तर दाट होईल, पण मग ती दाण्याची आमटी झाली. वाईट नाही, पण तुला हवी ती नाही. डाळवं काही जणी घालतात. मला नाही आवडत, पिठूळ लागतं. मैदा लावून दाट करणारीचं तर मी नावही घेत नाही.

वाटण नीट ऐक, कारण खरा स्वयंपाक इथे आहे, टोफू-बिफू सगळं वरवरचं.

कढईत दोन मोठे चमचे तेल. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास या रश्शाला जरा आडवा येतो, म्हणून इथे मी साधं रिफाइंड घेते. त्यात एक तमालपत्र, दोन वेलदोडे, तीन-चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. मग दोन कांदे उभे चिरून. कच्चा कांदा कधी मिक्सरमध्ये घालायचा नाही. कच्चा वाटला की तो कडवट होतो आणि ती कडू चव कितीही परतलं तरी पूर्ण जात नाही. परतायचा तोही गुलाबी होईपर्यंतच. तांबूस केलास तर रस्सा मटणाच्या रंगावर जाईल. चमचाभर आलं-लसूण, त्याचा कच्चा वास गेला की तीन पिकलेले टोमॅटो आणि मीठ. मीठ आत्ताच घाल, टोमॅटो लवकर गळतो. झाकण ठेवून दहा मिनिटं, टोमॅटोची साल सुटून गोळा होईपर्यंत. मग भिजवलेले काजू-मगज त्यातच टाक, दोन मिनिटं परत आणि गॅस बंद कर.

आता थांबायचं. गरम गरम मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण लावलंस तर वाफेने झाकण उडतं. आपल्या घराच्या छताला जो केशरी डाग आहे ना, तू लहानपणी त्याला ढग म्हणायचीस, तो असाच एका संक्रांतीला उडालेला आहे. पूर्ण निवू दे. तमालपत्र, दालचिनी, वेलदोडे वेचून काढ. लवंग राहिली तरी चालेल. थोडं पाणी घालून वाट, थांबव, कडा खरवडून घे, पुन्हा वाट. बोटांत धरून चोळून बघायचं. आई म्हणायची, वाटण डोळ्यात घालता आलं पाहिजे. घालून बघू नकोस! पण कणी लागता कामा नये. हॉटेलातला रस्सा इतका गुळगुळीत कसा, तर ते वाटण गाळतात. तूही पाहुणे येणार असतील तर चाळणीतून गाळ, एरवी नको. गाळलंस तर वरचा चोथा थालीपिठाच्या पिठात घाल.

कढई पुसून पुन्हा ठेव, चमचाभर तेल. तेल गरम झालं की गॅस बंद कर आणि मग त्यात दोन छोटे चमचे काश्मिरी तिखट घाल. चालू गॅसवर तिखट पाच सेकंदांत जळतं, काळं पडतं आणि ठसका लागून सगळं घर खोकतं. बंद गॅसवर घातलं की तेलाला रंग सुटतो, लाल, स्वच्छ. त्यावर लगेच वाटण ओत, पुन्हा गॅस लाव, पाव चमचा हळद, दीड चमचा धनेपूड. आता हे उडायला लागेल, झाकण अर्धवट ठेव आणि हात आखडू नकोस, तळाशी सारखं ढवळत राहा, कारण काजू खाली बसून लागतो. एकदा लागला की त्याचा वास लपवायला कुठलाच मसाला पुरत नाही. आठ-दहा मिनिटांत कडेने तेल दिसायला लागेल. तेल दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही. इंडक्शनवर तुला आच कमी करणं जमत नाही म्हणालीस. मग कढई उचलून धर, ठेव, उचलून धर. आम्ही चुलीवर लाकूड मागे ओढायचो, तू कढई वर उचल. एकच गोष्ट.

तेल सुटलं की दीड वाटी पाणी, पण कडकडीत गरम. गार पाणी घातलंस तर उकळणारा रस्सा एकदम थंडावतो आणि तेल फाटून वेगळं तरंगतं. काजूचा रस्सा थंड होताना दुप्पट दाट होतो हेही लक्षात ठेव, म्हणून कढईत तो तुला हवा त्यापेक्षा जरा पातळच दिसला पाहिजे. भाजलेले तुकडे आता सोड आणि मंद आचेवर दहा मिनिटं ठेव. पनीर फार शिजलं की रबर होतं, म्हणून सगळे ते शेवटी घालतात. टोफूला तशी भीती नाही. तो जितका वेळ रश्शात बसेल तितका बरा. दुपारच्या जेवणाची भाजी मी सकाळी दहालाच करून झाकून ठेवते.

आता सासूबाईंचा भाग. काजूने दाटपणा येतो, पण जिभेवर जो गुळगुळीत गोडवा राहतो तो नारळाच्या रसाने. त्या खवलेल्या नारळाला चव म्हणायच्या, आणि मी नवी सून, त्यांनी "चव घाल" म्हटलं की मीठ घालायचे. एका नारळाचा चव, वाटीभर कोमट पाणी, मिक्सरमध्ये फिरवून पिळून घे. हा पहिला, जाड रस. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळला की दुसरा, पातळ रस. रश्शात गरम पाणी घालायचं सांगितलं ना, त्याऐवजी हा पातळ रस गरम करून घातलास तर आणखी छान. जाड रस मात्र सगळ्यात शेवटी, अर्धी वाटी, आच अगदी बारीक करून. उकळी फुटली की रसही फुटला. सासूबाई जाड रस घातला की चुलीकडे पाठ फिरवू द्यायच्या नाहीत, मग दारात कोणी का येईना. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की उतरवायचं. आणि झाकण लगेच घट्ट लावायचं नाही, आत वाफ कोंडून भाजी आपली उकळत राहते.

डब्यातलं आणलंस तरी चालेल, मी काही बोलणार नाही. डबा आधी न हलवता उघड, वरचा दाट थर वेगळा काढ, तोच तुझा जाड रस. खालचं पाणी पातळ रस.

कसुरी मेथी हातावर घेऊन तशीच टाकतेस, ते नको. रिकाम्या गरम तव्यावर क्षणभर टाक, कुरकुरीत झाली की तळहातावर चोळून रश्शावर सोड. अर्धा चमचा गरम मसाला. सुपारीएवढा गूळ, टोमॅटोचा आंबटपणा बोथट करायला. मग चाख. काजू आणि नारळ दोघेही चव झाकून टाकतात, म्हणून मलईदार रश्शाला नेहमीपेक्षा जरा जास्त मीठ लागतं. चाखून काहीतरी कमी वाटतंय पण काय ते कळत नाही असं झालं, तर बहुतेक वेळा ते मीठच असतं. मिठाने नाही झालं तर लिंबाचे दोन थेंब, गॅस बंद केल्यावर.

पाकिटातला टोफू उरला तर स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेव आणि पाणी रोज बदल. तीन-चार दिवस राहतो. आंबूस वास आला, बोटाला बुळबुळीत लागला की विचार न करता फेक.

घरी करायची हौस आहेच तुला, तर तेही सांगते, पण पहिल्यांदा रविवारी कर, घाईच्या दिवशी नको. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजव, सकाळी चोळून साली काढ. साली आणि भिजवल्याचं पाणी गेलं की तो कच्चा, गवतासारखा उग्र वास निम्मा जातो. वाटताना गरम पाणी घाल, उरलेला वास त्याने जातो. एकूण दीड-पावणेदोन लिटर पाण्यात वाटून, गाळून दूध काढ आणि मोठ्यात मोठ्या पातेल्यात उकळ. मोठं म्हणते कारण सोयाबीनचं दूध गाईच्या दुधासारखं सावकाश वर येत नाही, फेसाचा डोंगर होऊन क्षणात ओट्यावर येतं. उकळी आल्यावरही दहा-पंधरा मिनिटं मंद उकळू दे. ते कच्चं किंवा अर्धकच्चं पोटात गेलं तर पोट बिघडवतं. मग गॅस बंद करून पाच मिनिटं थांब आणि दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाल. दोन-तीनदाच ढवळ. पाणी पिवळसर, निवळ दिसलं की झालं. श्रीखंडाला चक्का बांधतो तसं कापडात बांध, आणि पुढे वरवंटा. साडेतीनशे-चारशे ग्रॅमची वडी निघते. चोथा थालीपिठात, धिरड्यात, कशातही. टाकू नकोस.

हा चोथा पिळताना मला दर वेळी माझ्या भावाचं शेत आठवतं. वर्ध्याच्या आसपास आता जिथे बघावं तिथे कापूस नाहीतर सोयाबीन. आमच्या घरचं सोयाबीन ट्रॉलीने बाजार समितीत जायचं आणि घरात यायचं ते पाकिटातलं सोयाबीनचं तेल. फार तर दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालून दळून आणायचो, तेही पोरं कणकेच्या वासाला नाक मुरडायची. गांधीजी मगनवाडीत असताना, १९३५च्या सुमाराला, तिथल्या जेवणात सोयाबीनचे प्रयोग झाले होते. 'हरिजन'मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलंसुद्धा. मगनवाडी आपल्या जुन्या घरापासून सायकलवर. इतक्या जवळून ते गेलं आणि आमच्या ताटात पोचायला तुला दूध सोडावं लागलं.

भाजी झाल्यावर जेवायला काय घेणार ते बघ. पुण्यातल्या हॉटेलातून नान मागवू नकोस, त्यात बहुतेक वेळा दही नाहीतर दूध असतं. साधा फुलका कर, नाहीतर ज्वारीची भाकरी. मला तर हा रस्सा भाकरीबरोबरच आवडतो, कुस्करून. दुसऱ्या दिवशी उरला तर तो दाट गोळा झालेला असेल. गरम पाणी घालूनच सैल कर, आणि नारळाचा रस त्यात आहे हे विसरून मोठ्या आचेवर ठेवू नकोस.

गेल्या दिवाळीला मी सगळं बरोबर केलं होतं, आठवतं? काजू, मगज, नारळाचा जाड रस, दुधाचा थेंब नाही. तू पहिला घास घेणार तेवढ्यात माझं लक्ष तुझ्या पोळीकडे गेलं. चकाकत होती. पन्नास वर्षांची सवय, तव्यावरून उतरली की हात तुपाच्या भांड्याकडे जातोच. तू काही बोलली नाहीस, नुसती पोळी बाजूला सारून भात घेतलास. या खेपेला येशील तेव्हा तुपाचं भांडं मी वरच्या फळीवर ठेवलेलं असेल. तिथे माझा हात पोचत नाही.

आजी